उंटाची मुसकी

जोहे, ता. पेण
२१ मे २०२५

ती. सौ. मृणालीताईंस,

नमिताचा नमस्कार. साष्टांग घालायला आज मन वाकत नाही, तेव्हा नुसत्या नमस्कारावर भागवून घ्या.

दहा दिवस मी तुमचा फोन उचललेला नाही आणि उचलणारही नाही. फोनवर तुम्ही रडता, आणि रडणाऱ्या माणसाला प्रश्न विचारता येत नाहीत. तुम्ही रडू लागलात की मीच तुमची समजूत काढत बसते, आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की विचारायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून लिहून विचारते आहे. तुम्हीही लिहूनच कळवा. तुम्ही लग्नानंतर अमोलला पानंच्या पानं लिहायचात, ती पत्रं अजून तुमच्या बाबांच्या पेटीत आहेत. माझ्या नवऱ्याला नणदेची पत्रं यायची आणि मला हेवा वाटायचा. आता माझी पाळी.

आधी तुमच्या भाचीची खबर. उजव्या हाताला सतरा टाके आहेत. पनवेलच्या डॉक्टरांनी दोन बोटांच्या शिरा जोडल्या, पण ती बोटं पुन्हा पुरती मिटतील की नाही हे ते दिवाळीआधी सांगणार नाहीत. रेबीजची तीन इंजेक्शनं झाली, चौथं येत्या रविवारी. नऊ वर्षांची पोर, पण सुई टोचताना हूं की चूं करत नाही. मला त्याचीच भीती वाटते. काय झालं ते विचारलं की ती एकच सांगते, माझ्यामुळे उंटाचा डोळा दुखला म्हणून तो चावला. त्यापुढे एक अक्षर नाही.

काल त्या ‘रानगंमत’ प्राणीबागेचा एक माणूस इथे आपल्या गणपतीच्या कारखान्यात आला होता. नीटनेटका शर्ट, हातात मिठाईचा खोका. मालक हैबतरावांनी पाठवलंय म्हणाला. खोक्यावर एक पाकीट होतं, त्यात प्रतिक्षाच्या नावाने जन्मभराचा फुकट पास. जन्मभराचा. उंटाने हात चावला त्याच जागी तिने म्हातारी होईपर्यंत जाऊन यावं अशी त्यांची इच्छा दिसते. पुढचा वाढदिवसही तिथेच साजरा करून देऊ म्हणाला. तुमचे बाबा मूर्तीला मातीचा हात देत होते, ते उठले आणि त्याला मातीच्या हातांनीच दारापर्यंत पोचवून आले. त्याच्या शर्टाचं काय झालं ते सांगायला नको.

पण जाताना तो एक कागद दाखवून गेला. त्यावर लिहिलंय की मुलीने सूचना न पाळता दोरी ओलांडली आणि प्राण्याच्या डोळ्याला इजा केली, सबब आस्थापनेचा दोष नाही. खाली तुमची सही आहे. मृ-ची शेपटी तुम्ही काढता तशी कुणीच काढत नाही, म्हणून खोटी सही म्हणायचीही सोय नाही.

ताई, माझ्या मुलीला तुमच्याकडे सुट्टीला पाठवलं होतं. तिच्याविरुद्ध सही करायला नव्हे. त्या दिवशी, ११ तारखेला, काय झालं ते सकाळपासून जेवढं आठवेल तेवढं लिहा.

लोभ असावा असं आज लिहवत नाही.

नमिता


रोहा
२७ मे २०२५

चि. सौ. नमितास,

अनेक आशीर्वाद. तू नको म्हणालीस तरी ते जायचेच, मोठ्या नणदेचा तेवढा हक्क आहे.

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा मी भाकरी भाजत होते. तव्यावरची भाकरी जळली, प्रणित दुसऱ्या खोलीतून ओरडला, आणि मी ओट्याला टेकून उभ्याउभ्या वाचलं. तू फोनवर जेवढी मऊ बोलतेस तेवढीच कागदावर कडक आहेस, हे मला सोळा वर्षांत कळलं नव्हतं.

प्रणितच्या कंपनीतल्या कुटुंबांची सहल होती हे तुला ठाऊकच आहे. जागा त्यानेच ठरवली होती. हैबतरावांची आणि त्याची ओळख आहे, त्यांनी कोलाडच्या रस्त्याला हे नवीन काढलंय, मुलांना प्राणी हाताळायला मिळतात म्हणून सगळे खूश. चौपन्न माणसं, त्यात एकवीस पोरं.

खरं सांगू का, मला ती जागा पहिल्यापासून आवडली नाही. आत शिरल्याशिरल्या मुताचा वास. शहामृगाने स्वतःची पाठ टोचून टोचून नुसती कातडी ठेवलेली. एका टोपलीत ससे होते, ते या पोराच्या मांडीवरून त्या पोराच्या मांडीवर असे फिरत होते. एका बाईच्या मुलाच्या मांडीवर ससा हलेना, तेव्हा तिथल्या मुलीने तो हसत हसत उचलून नेला आणि दुसरा आणून ठेवला. त्या बाईने विचारलं तर झोपलाय म्हणाली. डोळे उघडे ठेवून कोण झोपतं? पण चौपन्न माणसांपुढे, आपल्याच नवऱ्याने ठरवलेल्या जागेबद्दल, काय बोलणार?

जेवणं झाल्यावर उंट. त्याला एका मांडवाखाली बसवून ठेवलं होतं, भोवती दोरी. मुलांनी जवळ जाऊन फोटो काढायचे. इरशाद नावाचा माणूस त्याला सांभाळायचा. प्रतिक्षा उंटाजवळ गेली, तिने त्याचा डोळा पुसायला हात लावला आणि त्याने हात तोंडात धरला. सगळं इतक्या झटकन झालं की मला किंचाळायलाही वेळ मिळाला नाही. इरशादने त्याचा जबडा दोन्ही हातांनी उघडला म्हणून हात सुटला.

त्या इरशादने मुसकी बांधायला हवी होती. उंटाच्या तोंडाला सुंभाची जाळी असते ती. ती त्या वेळी तोंडाला नव्हती. हैबतरावांनी त्याला दुसऱ्याच दिवशी कामावरून काढलं, म्हणजे ज्याची चूक त्याला शिक्षा झाली. आणि थोडी सवय आपल्या घरचीही नडली, हे तुलाही मान्य करावं लागेल. मूर्तीचे डोळे रंगाने आखायच्या आधी ते पुसायचं काम बाबांनी तिला दिलंय. फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळून खोबणीतली धूळ काढते ना ती? तसंच फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळून ती त्या उंटाचा डोळा पुसायला गेली. त्याच्या डोळ्याला पू आला होता. कारखान्यातल्या पोरांना मातीच्या सिंहाच्या जबड्यात हात घालायची सवय, जनावर चावतं हे त्यांना ठाऊकच नसतं.

सहीचं म्हणशील, तर दवाखान्याच्या बाकावर मी बसले होते, पदराला तिचं रक्त, प्रणितने कागद पुढे धरला आणि म्हणाला उपचारासाठी लागतो. मी वाचला नाही. आता लोकांत चर्चा नको, प्रणितला कंपनीत तोंड दाखवायचं आहे. हात बरा होऊ दे, बाकी सगळं विसरू या.

पोरीला माझे पापे. बाबांना शिरसाष्टांग. माझ्यावरचा राग असू दे, पण माया काढून घेऊ नकोस.

तुझी मृणालीताई


जोहे
२३ जून २०२५

ती. सौ. मृणालीताईंस,

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सशाचं वाचून दोन दिवस मला नीट जेवण गेलं नाही. पण तुम्ही विसरू या म्हणालात ते त्याहून गिळवत नाही. आम्ही काय विसरायचं? प्रतिक्षा कारखान्यात येत नाही. यंदाच्या मूर्तींचे डोळे पुसायला बाबांनी हाक मारली, तर म्हणाली, माझ्या हाताने डोळे दुखतात. त्या दिवशी बाबांनी एकाही मूर्तीला हात लावला नाही. पावसाळ्यात आमच्याकडे जेवायलाही वेळ नसतो हे तुम्ही इथेच वाढल्यामुळे जाणता.

काल रविवार होता. मी एकटी पेणहून गाडीत बसले आणि रोह्याला आले. तुमच्याकडे आले नाही. पहिल्यांदा ‘रानगंमत’ला गेले. मला वाटलं होतं बंद असेल. दारावर झेंडूच्या माळा होत्या, आणि पावसाळी सहलींसाठी खास सवलतीची पाटी.

उंट तिथेच होता, त्याच मांडवाखाली. तोंडाला मुसकी होती. मुसकीला लाल-हिरवे गोंडे लावले होते, फोटोत बरी दिसावी म्हणून. आणि ताई, त्याला रंगवलं होतं. सोळा वर्षं मी रंगाच्या वाटीत बोटं बुडवते आहे, मला कुणी फसवू शकत नाही. मानेवरचे, मांडीवरचे केस खरजेने गेले होते, तिथे तपकिरी रंग मारला होता. पावसाच्या दमटपणात तो वाळला नव्हता, कडेचे केस त्याला चिकटले होते, आणि खालून पाणी झिरपत होतं. आम्ही मातीला रंग देतो तेव्हाही ती आधी कोरडी करून घेतो. ह्यांनी ओल्या जखमेवर रंग दिला. डोळ्याखाली मात्र पिवळं वाळलेलं तसंच होतं. तेवढं पुसायची अक्कल त्या सगळ्या बागेत एका नऊ वर्षांच्या पोरीलाच झाली होती, आणि तिने ते पुसलं म्हणून दोष तिचा.

रांगेत आया होत्या. एक दीड वर्षाचं लेकरू उचलून उंटाच्या गळ्याशी धरलं होतं, त्याच्या गालाला तो रंग लागला. आईने ओल्या कागदाने पुसला आणि हसली. मी त्या बाईला सांगायला गेले तर तिथल्या माणसाने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, मागे एका आगाऊ मुलीमुळे गडबड झाली होती, आता सगळं सुरक्षित आहे. घरचं लक्ष नव्हतं, नातेवाइकांनी तसं लिहूनही दिलंय. तुमच्या सहीच्या जोरावर ती बाग चालू आहे, ताई. उद्या दुसऱ्या कुणाच्या पोराचा हात गेला, तर तो तुमच्या सहीखाली गेला असं मी समजेन.

तिथून मी इरशादला शोधलं. रोह्यातच मामाच्या किराणा दुकानात बसतो. नऊ वर्षं ओमानला उंटांच्या तबेल्यात होता, घरी परत आल्यावर हे काम मिळालं म्हणून त्याची आई ताजुन्निसा खूश होती, ती सांगत होती. त्याने आधी प्रतिक्षाच्या हाताची चौकशी केली. कुठली बोटं, किती वळतात, सगळं. मी त्याच्यावर चिडायला गेले होते आणि त्याच्या दुकानातला चहा पिऊन आले. मुसकीचं विचारलं तेव्हा तो तांदूळ मोजायचा थांबला. एवढंच म्हणाला की बाई, मुसकी मी इसरलो नाय, बाकीचा तुमच्या घरच्यांना इचारा.

म्हणून विचारते. घरच्यांत मी धरते तुम्हाला अजून.

नमिता


रोहा
४ जुलै २०२५

चि. सौ. नमितास,

आशीर्वाद.

शेजारच्या दिपिकाने तुला स्टेशनवर पाहिलं होतं. वहिनी आली होती का म्हणून ती हौसेने विचारायला आली आणि मी खोटं बोलले की हो, घाईत होती. सख्ख्या भावाची बायको रोह्यात येते आणि माझ्या दारावरून परत जाते, हे मी दिवसभर गिळत होते. संध्याकाळी तुझं पत्र आलं. मग गिळायला दुसरंच काही मिळालं.

गोंड्यांचं वाचल्यावर मला बसवेना. दुसऱ्या दिवशी मीही तिथे जाऊन आले. प्रणितला बाजारात जाते सांगितलं. तू लिहिलंस तसंच सगळं आहे, रंगाचा एक थर आणखी चढलाय. मी परत येऊन न्हाणीत ओकले. हे तुला लिहायचं नव्हतं, पण आता लिहायचं नाही असं काही ठेवून चालणार नाही.

नमिता, मुसकी मी काढायला लावली.

त्या दुपारी उंटाला मुसकी होती. इरशादने घट्ट बांधली होती, आणि तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता की जनावर आजारी आहे, लांबूनच फोटो काढा. सगळ्यांनी लांबूनच काढले. मी म्हणाले, त्या जाळीने फोटो अगदी भिकार दिसतो. एवढ्या लांबून भाची आली आहे, तिच्या आईबापाला काय पाठवू, जाळी? तो नाही म्हणाला. मी पुन्हा म्हणाले. तो पुन्हा नाही म्हणाला, आदबीने, हात जोडून. मला सगळ्या बायकांसमोर अपमान वाटला. सहल आमच्याकडून, आणि हा माणूस मला नाही म्हणतो. मी हैबतरावांना हाक मारली. ते खुर्चीत आंबा खात होते. तिथूनच त्यांनी इरशादला शिवी घातली आणि बाईंना हवं ते कर म्हणाले. त्याने मुसकी सोडली, पण दोरी धरून उभा राहिला. तोही फोटोत येत होता, म्हणून मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. मग प्रतिक्षाला म्हणाले, जा, अगदी गाल लावून उभी राहा.

ती घाबरत होती. मी म्हणाले आत्या आहे ना इथे.

दवाखान्यात प्रणितने कागद पुढे केला तेव्हा मी वाचला नाही असं तुला लिहिलं. वाचला होता. दोनदा वाचला. तिच्यावर लिहिलंय तेवढं माझ्यावर लिहायचं टळलं असं मनात आलं, आणि मी सही केली. तुला किळस येईल. मला माझी येते. आरशासमोर केस विंचरताना मान खाली घालते, या वयात.

प्रणितला हे सगळं ठाऊक आहे. तो म्हणतो, झालं ते झालं, आता उकरून कुणाचा हात परत येणार आहे? हैबतरावांनी त्याला पंधरा दिवसांपूर्वी घरी आंब्यांची पेटी पाठवली. मी ती उघडली नाही. आता तिच्यातून पाणी गळायला लागलंय आणि आम्ही दोघंही तिच्या बाजूने ये-जा करतो.

काय करू ते तू सांग. तू सांगशील ते करेन. बाबांना हे पत्र दाखवायचं की नाही ते तू ठरव.

तुझ्या घरात माझ्यासाठी जेवढी जागा उरली असेल तेवढी राहू दे.

मृणाली


जोहे
९ जुलै २०२५

ती. सौ. मृणालीताईंस,

नमस्कार.

पत्र बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि सांगितलं की तिला म्हणावं, बाप अजून जिवंत आहे. ह्याचा अर्थ रागाचा की मायेचा ते मला कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

मला तुमची किळस आली, ताई. हे लिहिलं नाही तर हे पत्र खोटं ठरेल. मुसकी काढायला लावली त्याची नाही एवढी. हौस कुणाला नसते. पण नऊ वर्षांच्या पोरीच्या माथ्यावर दोष ठेवून स्वतः मोकळ्या झालात, आणि वर तो बिचारा इरशाद. त्याच्याबद्दल मला लिहिताना तुमचं पेन अडलं कसं नाही?

आता माझंही ऐका. त्या दिवशी सकाळी तुम्ही शहामृगाबरोबरचा फोटो पाठवलात, तेव्हा उंटाबरोबर पण काढा, एकदम जवळून, असं मीच लिहिलं होतं. पुढे तीन हसरी तोंडं टाकली होती. ते माझ्या फोनमध्ये अजून आहे, पुसायला हात धजत नाही. शहामृगाची बोडकी पाठ त्या फोटोत स्पष्ट दिसते. मी पाहिली होती. पाहून पुढे गेले, कारण पोरीचा फ्रॉक छान दिसत होता. दोन पत्रांत तुम्ही ते एकदाही माझ्या तोंडावर मारलं नाहीत, त्याचा मान मी ठेवते. पण म्हणून आपण दोघी सुटत नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दोन कामं आहेत. पोलीस ठाण्यात जाऊन ती सही मागे घ्यायची आणि घडलं तसं लिहून द्यायचं, तुमच्या नावासकट, इरशादला बरोबर घेऊन. उंटाला रंगवलंय तेही सांगायचं, साक्षीला मी येईन. दुसरं काम ह्याहून अवघड आहे. प्रतिक्षाला तुम्ही स्वतः लिहायचं. मी तिला सांगणार नाही. माझ्या तोंडून ऐकलं तर मी नुसती समजूत घालतेय असं तिला वाटेल. डोळा तिने दुखावला नाही हे तिला तुमच्याकडूनच कळायला हवं.

आंब्यांची पेटी टाकून द्या. घरात कुजू देऊ नका.

नमिता


रोहा
२० जुलै २०२५

चि. प्रतिक्षास,

आत्याचा खूप खूप आशीर्वाद आणि गोड पापा.

बाळा, मोठी माणसं लहानांना पत्र लिहितात तेव्हा नीट वाग, अभ्यास कर असं लिहितात. मी आज तसं लिहिणार नाही, कारण नीट मी वागले नाही.

तू सगळ्यांना सांगतेस की तुझ्यामुळे उंटाचा डोळा दुखला आणि म्हणून तो चावला. ते खरं नाही. उंट आधीपासून आजारी होता. त्याचा डोळा किती तरी दिवस दुखत होता आणि त्याला कुणी औषध दिलं नव्हतं. दुखत्या जागी कुणाचाही हात लागला असता तरी तो चावला असता. म्हणूनच इरशादकाकांनी त्याच्या तोंडाला मुसकी बांधली होती. ती मुसकी मी काढायला लावली. काकांना मी लांब केलं. तुला त्याच्याजवळ मी पाठवलं. तुझी काही चूक नव्हती. तू त्या जनावराचा डोळा पुसायला गेलीस, तिथे आलेल्या एकाही मोठ्या माणसाला ते सुचलं नाही.

मंगळवारी मी इरशादकाकांबरोबर पोलीस ठाण्यात गेले आणि हे सगळं लिहून दिलं. तिथल्या साहेबांनी दोनदा विचारलं की बाई, हे तुमच्यावरही येईल, कळतंय ना. मी हो म्हणाले. प्रणितकाका माझ्याशी सध्या बोलत नाहीत, पण ती तुझी काळजी नाही. गुरुवारी गुरांचे सरकारी डॉक्टर तिथे जाऊन आले. बागेला आता कुलूप आहे, पुढे उघडेल का ते मला माहीत नाही. उंटाला त्यांनी उपचाराला नेलंय. तो बरा होईल असं मी तुला लिहिलं असतं, पण डॉक्टर तसं म्हणाले नाहीत, म्हणून लिहीत नाही.

आता माझ्याकडे तुझ्यापासून लपवलेलं काही उरलं नाही. आजोबा आखणीला बसतील तेव्हा त्यांच्या शेजारी जाऊन बस. तुझा हात कुणाच्याही डोळ्याला वाईट नाही.

आत्यावर रागावलीस तरी चालेल. पण मनात ठेवू नकोस, लिहून कळव.

तुझी आत्या


जोहे
२७ जुलै २०२५

ती. आत्यास,

प्रतिक्षाचा नमस्कार.

तुझं पत्र आईने आधी वाचलं, मग मला दिलं. मी तीन वेळा वाचलं. हे मी उजव्या हाताने लिहिते आहे म्हणून अक्षर वाईट आहे. दोन बोटं पेन धरत नाहीत, ती नुसती बाजूला उभी राहतात. आजोबांनी मला काल शेजारी बसवलं. मी तीन मूर्तींचे डोळे पुसले, डाव्या हाताने. मला जमलं.

मुसकी तू काढायला लावलीस ते मला माहीत होतं. मी तिथेच उभी होते ना. इरशादकाका नाय नाय म्हणत होते तेपण मी ऐकलं. पण गाडीतून दवाखान्यात जाताना तू माझ्या हाताला पदर गुंडाळलास आणि म्हणालीस की मुसकीचं आईला सांगू नको, नाहीतर आई तुला माझ्याकडे परत कधी पाठवणार नाही. मला तुझ्याकडे यायचं होतं. म्हणून मी सांगितलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, आईने विचारलं, आजोबांनी विचारलं. काहीतरी सांगायला लागतं, म्हणून मी सगळ्यांना सांगितलं की माझ्यामुळे झालं. रोज सांगितल्यावर मला ते खरंच वाटायला लागलं.

तू पत्रात सगळं लिहिलंस पण गाडीतलं लिहिलं नाहीस. तू विसरलीस का?

मी ते काल आईला सांगितलं. नंतर तिने माझे केस विंचरले, दोन वेण्या घातल्या, आणि परत सोडून परत घातल्या.

विसरली नसशील तर तू पण तिला लिही. आणि यापुढे मला आईला सांगायचं नाही असं काही सांगू नकोस. मला ते धरून ठेवायला फार जड जातं.

शेवटी लोभ असावा असं लिहितात, ते आई म्हणाली वाटलं तरच लिही. मला वाटतं.

लोभ असावा.

प्रतिक्षा